घरातलं कुत्रं जातं तेव्हा: ज्या दुःखाला तेरवी नसते

मे महिन्यात आमचा बंड्या गेला. १३ वर्षांचा होता. नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घरात कूलरसमोरची फरशी उन्हाळाभर त्याच्या मालकीची असायची. कूलरचा पंखा घरघरला की घरात कुठंही असो, येऊन तिथं चारी पाय ताणून पसरायचा, आणि आम्ही सगळे त्याला ओलांडून ये-जा करायचो. तो गेल्यावर चार-पाच दिवसांनी दुपारी मी कूलर लावला, वळले, आणि पाय उंच उचलला. ओलांडायला कुणी नव्हतं. तो पाय खाली टेकवताना जे झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात एका नातेवाईकांचा फोन आला. "अगं, कुत्रंच तर होतं. दुसरं आण एखादं." वाईट हेतू नव्हता त्यांचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी काटोलकडच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, झाडू बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आमचा ढवळ्या गेला तवा माह्या बापानं दोन दिस भाकरीले हात नाई लावला. मुकं जनावर लय जीव लावते, ताई."

मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही. पण मला होतंय ते नेमकं काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते इथं लिहिते आहे. ज्यांच्या घरात सध्या एक पट्टा खुंटीला नुसताच लटकतो आहे, त्यांच्यासाठी.

मेंदूला उशिरा कळतं

दिवसातून दोनदा फिरवणं धरलं, तर १३ वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. पहाटे साडेपाचला दार ओरबाडणं, दुधाच्या पिशवीचा आवाज, रात्री गेटला कुलूप लावताना पायात घुटमळणं, हे सगळं इतक्या वेळा घडलेलं असतं की मेंदू त्याची वाट बघत नाही, ते घडणारच असं धरून चालतो. आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो आणि तो अंदाज जुन्या अनुभवावरून बांधतो. म्हणून कुत्रं गेल्यावरही फरशीवर नखांची टिकटिक ऐकू येते, सोफ्याच्या टोकाशी शेपटी दिसल्यासारखी वाटते. "मला वेड लागतंय का?" असं अनेकांना वाटतं. नाही. तो जुना अंदाज आहे, आणि तो पुसला जायला वेळ लागतो. प्रत्येक वेळी अंदाज चुकतो तेव्हा बातमी नव्यानं कळल्यासारखी लागते, एवढंच.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी बाळ आणि आई यांच्यातल्या बंधाचा अभ्यास केला होता. आई दिसेनाशी झाली की बाळ आधी शोधतं, हाका मारतं, मग हताश होतं. मोठ्यांच्या शोकातही हा शोध असतोच, असं त्यांनी दाखवलं. कुत्र्याबाबत हा बंध नुसती उपमा नाही. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नजरभेटीत जे संप्रेरक काम करतं, तेच हे. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे "पोटच्या पोरासारखा होता" असं कुणी म्हणालं तर त्यात अतिशयोक्ती काढू नका. शरीराच्या हिशेबात ते बरंचसं खरं आहे.

शिवाय कुत्रं एकटं जात नाही. आमच्या ओळीत एक काका राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात, काकू जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची लॅब्रडॉर गेली तेव्हा त्यांचं सकाळचं अंबाझरी तलावाच्या बाजूला जाणं थांबलं. फिरणं थांबलं तसं तिथल्या चार माणसांचं "काय म्हणता" थांबलं, कोवळं ऊन थांबलं, चहाची टपरी थांबली. घरात मोठ्यानं बोलणंही थांबलं, कारण ते ज्याच्याशी बोलायचे ती गेली होती. दिवसभरात त्यांना कुणाचा स्पर्श होत असेल तर तो तिचाच. लोकांना एक कुत्रं गेलेलं दिसलं. काकांचं अख्खं वेळापत्रक, हालचाल, बोलणं आणि ऊब एका दिवसात गेली होती. एकटं राहणाऱ्या वयस्क माणसाचं कुत्रं गेलं असेल, तर "सकाळी माझ्यासोबत फिरायला चला" हे वाक्य कुठल्याही सांत्वनापेक्षा जास्त कामाचं आहे.

शरीरावरही हे उतरतं. भूक जाते, झोप तुटते, छातीत दडपल्यासारखं होतं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाच्या विकाराचं वर्णन केलं. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच. अमेरिकेत टेक्सासमधल्या ६१ वर्षांच्या एका बाईंना त्यांचं लाडकं कुत्रं गेल्यावर असंच झालं आणि २०१७ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आली. त्यांच्यावर तेव्हा दुसरेही ताण होते, आणि त्या बऱ्याही झाल्या. हे सांगते ते घाबरवायला नाही. घरातल्या मोठ्यांनी छातीत दुखतंय म्हटलं तर "रडून रडून होतंय" म्हणून सोडून देऊ नका, आधी डॉक्टर गाठा.

सुतक नाही, म्हणून सुटकाही नाही

माणूस जातो तेव्हा काय होतं ते आठवा. शेजारच्या घरातून डबा येतो. लोक येऊन बसतात, आणि आपण "काल रात्री कसं झालं" हे पन्नासदा सांगतो. त्या पन्नासदा सांगण्यातून घटना हळूहळू खरी वाटायला लागते. दहा दिवस, तेरा दिवस, मग गोड जेवण. शोक कधी सुरू झाला आणि पुन्हा माणसांत कधी यायचं, हे समाज ठरवून देतो. ऑफिस रजा देतं. श्रद्धा असो वा नसो, तेरवी हा दुःखाला दिलेला एक आकार आहे.

कुत्र्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. सकाळी पुरायचं आणि दहाच्या मीटिंगला बसायचं. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली: नुकसान खरं असतं, पण समाज त्याला मान देत नाही, उघडपणे रडायची मुभा देत नाही. गर्भपात झालेल्या बाईचं दुःख, घटस्फोटानंतर वारलेल्या जोडीदाराचं दुःख आणि पाळीव जनावराचं दुःख अशा रांगेत येतं. माझ्या मते मराठीत याला "बिनसुतकाचं दुःख" म्हणावं. ते कमी प्रतीचं नसतं. त्याच्यावर दुःखाच्या जोडीला लाजेचंही ओझं असतं, म्हणून उलट ते जड होतं.

ही लाज आपल्या परंपरेत मुळात नव्हती. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढायला नकार देतो. भावंडं आणि द्रौपदी वाटेत पडली, शेवटपर्यंत सोबत राहिलं ते कुत्रं. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे "कोरडी खाऊ नका" म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणी ऐकलेत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. आणि विदर्भात तर पोळ्याला बैलाचे खांदे शेकून त्याला पुरणपोळी भरवतात. ज्या मुलखात जनावराला जेवायचं आमंत्रण देतात, तिथं त्याच्यासाठी रडायला लाजायचं कशाला?

माणसाची ही सवय फार जुनी आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ मध्ये सापडलेल्या सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू आहे. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासल्यावर त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला असावा आणि त्या आजारात ते काही आठवडे तगलं असावं असं दिसलं. कुणीतरी त्याचं करत असल्याशिवाय हे शक्य नव्हतं. आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता, तरी कुणीतरी ते जगवत होतं.

"मीच कमी पडले" हा विचार

सगळ्यात जास्त पोखरतो तो हा. बंड्या फेब्रुवारीपासून जास्त पाणी पीत होता. मला वाटलं, ऊन वाढतंय. नागपुरात मार्च जवळ आला की कोण जास्त पाणी पीत नाही? एप्रिलच्या शेवटी त्यानं खाणं सोडलं, रक्त तपासलं, तेव्हा मूत्रपिंडं जवळपास संपली होती. त्यानंतर कित्येक रात्री मी ती पाण्याची वाटीच बघत होते.

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी समजावल्या आणि त्या प्रत्येकाला कळायला हव्यात. पहिली: कुत्र्याच्या मूत्रपिंडांचं जवळपास दोन तृतीयांश काम बंद पडतं तेव्हा कुठं तहान आणि लघवी वाढल्याचं दिसतं, आणि नेहमीच्या रक्ततपासणीत बिघाड उमटेपर्यंत तीन चतुर्थांशाच्या आसपास काम गेलेलं असतं. उरलेला भाग इतकी वर्षं गुपचूप जास्तीचं काम ओढत असतो. प्लीहेतल्या काही गाठी तर फुटेपर्यंत कळतच नाहीत. सकाळी खेळणारं कुत्रं संध्याकाळी कोसळतं. आणि वेदना लपवणं हा कुत्र्यांचा स्वभावच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मनाची. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी दाखवलं की निकाल कळल्यावर माणसाला वाटतं, "हे तर आधीपासून दिसत होतं." प्रत्यक्षात तेव्हा दिसत नव्हतं. फेब्रुवारीत माझ्यासमोर शंभर साध्या गोष्टी होत्या आणि त्यातली एक ती वाटी होती. मे महिन्यात उभं राहून मागे पाहताना बाकीच्या नव्याण्णव पुसल्या जातात आणि तेवढी एकच उजेडात राहते. हे कळल्यानं टोचणी लगेच थांबत नाही. पण "मी तेव्हा काय केलं" आणि "मला तेव्हा काय माहीत होतं" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढं मनात पक्कं होतं. खरंच चूक झालेली असू शकते: लस राहिली, गेट उघडं राहिलं. तेव्हा तो भ्रम आहे म्हणून झटकू नये. विश्वासाच्या माणसाला तोंडानं सांगावी. न बोललेली चूक रोज थोडी मोठी होत जाते.

शेवटचं इंजेक्शन द्यायचा निर्णय ज्यांना घ्यावा लागला, त्यांची टोचणी वेगळीच. त्यात होतं काय ते नीट कळलं तर थोडं सोपं जातं. बहुतेक वेळा आधी गुंगीचं औषध देतात, मग भूल देण्याच्या औषधाचा खूप मोठा डोस. शुद्ध सर्वांत आधी हरपते; श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतात. डोळे उघडेच राहतात, एखादा स्नायू थरथरतो, छाती एक-दोनदा हलते, लघवी होते. हे पाहून "तो जागा होता, त्याला कळत होतं" असं वाटतं आणि ते दृश्य पुढे महिनोन्‌महिने सोडत नाही. त्या हालचाली शुद्ध गेल्यानंतरच्या असतात.

आणि सुटल्यासारखं वाटलं असेल, तर त्याचीही लाज नको. तीन महिने रात्री उठून लादी पुसणारा, सलाइन लावायला रोज सुट्टी काढणारा माणूस थकतोच. महागडे उपचार परवडले नाहीत म्हणून थांबावं लागलं असेल, तर तेही दुःखच आहे. तो प्रेमाचा तुटवडा नाही.

त्या दिवशीच्या काही गोष्टी

हे कोरडं वाटेल, पण त्या क्षणी कुणालाच सुचत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीर फार वेळ ठेवता येत नाही. काही तासांत ते ताठर होतं, म्हणून पाय हलकेच दुमडून सुती चादरीत गुंडाळावं आणि थंड खोलीत ठेवावं. मरणाचं कारण कळलं नसेल आणि ते न कळणं सोसवणार नसेल, तर पशुवैद्यकाला शवविच्छेदनाबद्दल लगेच विचारा. उशीर झाला तर त्यातून काही हाती लागत नाही. पुरायची जागा स्वतःची किंवा परवानगीची हवी, विहीर-बोअरवेलपासून लांब, आणि खड्डा तीन-चार फूट तरी खोल. इंजेक्शन दिलेलं असेल तर ही खोली फार महत्त्वाची, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं दुसरं जनावरही मरू शकतं. जागा नसेल तर महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात चौकशी करा. आणि कुत्र्याचं वागणं अचानक बदलून, लाळ गळून, जबडा लुळा पडून ते काही दिवसांत गेलं असेल, तर रडणं बाजूला ठेवून लगेच पशुवैद्यकाला कळवा, आणि त्यासाठी न थांबता घरातल्यांच्या रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठा.

ऊन-सावली

शोकाच्या पाच पायऱ्या असतात (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार), असं आपण ऐकतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी होत्या, मागे राहणाऱ्यांविषयी नव्हत्या. त्यामुळे "मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का" असं तपासत बसू नका. मला पटलं ते १९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक स्खुट या शोकाच्या अभ्यासकांनी मांडलेलं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत ये-जा करत राहतो. सकाळी पट्टा हातात घेऊन रडतो आणि दहा वाजता तर्री-पोहे खाताना मैत्रिणीच्या बोलण्यावर हसतो. ते हसणं म्हणजे विसरणं नाही. ही ये-जा चालू आहे, म्हणजे मन आपलं काम करतंय. सतत एकाच काठावर अडकून पडणं काळजीचं. कुणी महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही; कुणी एकदाही थांबत नाही, त्याच दिवशी सगळं सामान टाकून देतं आणि नाव काढू देत नाही. दोन्हीकडे लक्ष हवं.

घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही बदलतं. इटलीत कुत्री पाळणाऱ्या ४२६ जणांना विचारून केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्या कुत्र्यात फरक जाणवल्याचं सांगितलं: जास्त लाडीगोडी, कमी खेळ, कमी खाणं. हे पालकांच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तरी दुर्लक्ष करण्याजोगं नाही. त्याची जेवणाची आणि फिरायची वेळ मोडू नका. ती न मोडल्यानं आपलंही बरं चालतं.

झोप-जेवण आठवड्यांनंतरही जागेवर येत नसेल, जुनं नैराश्य वर येत असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. फोनवर "माझं कुत्रं गेलं" असं सांगायला संकोच नको. जीव नको वाटत असेल तर तो फोन आजच करायचा.

नवीन पिल्लू कधी आणायचं, याला मुदत नाही. रिकाम्या जागी भरती म्हणून आणू नये, एवढंच माझं मत. एक गोष्ट मात्र मताची नाही. आधीचं कुत्रं पार्वोनं गेलं असेल, तर तो विषाणू अंगणात आणि घरात कित्येक महिने जिवंत राहतो. घर ब्लीचनं धुतल्याशिवाय आणि पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय त्याला घरी आणू नका.

आमच्या सहा वर्षांच्या मुलीचं

"बंड्याला झोपवलं," असं तिच्यासमोर मी पहिल्या दिवशी बोलून गेले. रात्री ती झोपेना. मला उशिरा उमगलं: ज्याला झोपवलं तो उठला नाही, मग मी झोपले तर? लहान मुलांना मरण परत फिरतं असं वाटतं. ते कायमचं असतं हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं. म्हणून शब्द सरळ हवेत. "त्याचं शरीर खूप आजारी होतं, ते काम करायचं थांबलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." देवाघरी गेला म्हणायचं असेल तर म्हणा, पण हे सांगितल्यानंतर. आणि "गावाला पाठवला" असं खोटं कधीच नको. मूल दाराकडे बघत बसतं.

तीन दिवसांनी तिनं हळूच विचारलं, "मी त्याला आइस्क्रीम दिलं होतं, म्हणून का?" या वयात मुलं बऱ्याच गोष्टींचं कारण स्वतःला धरतात आणि सांगत नाहीत. विचारायची वाट न पाहता आपणच म्हणावं, "तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

आम्ही बंड्याचे फोटो काढून ठेवले नाहीत. १९९६ च्या सुमारास शोकाच्या अभ्यासकांनी एक जुना समज बाजूला सारला, की गेलेल्याशी नातं तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही. नातं राहतं, त्याचं रूप बदलतं. पण आमच्या घरात ते रूप आम्ही मोठ्यांनी ठरवलं नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा म्हणून खाऊचे पैसे मिळवतात तेव्हा, मुलीनं तिचा लाकडी नंदी सजवला, झूल घातली, बेगड लावली, आणि त्याच्या चाकाच्या पाटीवर मागे मातीचं एक ओबडधोबड कुत्रं चिकटवलं. एक कान उभा, एक पडलेला. ओळीतल्या घरोघरी ती नंदी ओढत गेली. काकांच्या दारात मी मागे उभी होते. त्यांनी नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दहा रुपयांचा बोजारा ठेवला, मग खाली वाकून बराच वेळ त्या मातीच्या कुत्र्याकडे पाहिलं.

"याचा बोजारा वेगळा," ते म्हणाले, आणि आणखी दहा रुपये काढले.